म्हसोबा उन्हाच्या पेटीत

चहा आधी पिऊन घ्या बरं. मी सांगाय लागलो की तुम्ही हसताल, आन हसताना चहा नाकात गेला की वरून मलाच बोल लावताल. एका गोष्टीचा बोल आधीच हाय माझ्यावर. तेवढा पुरे.

तुम्ही म्हणताल, हा म्हातारा जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढत आला, ह्याच्या हातून कधी काय झालंच न्हाई का? झालं की! एकदाच झालं, पण असं झालं की अजून मी चावडीवर गेलो की लोकं आधी माझ्या धोतराकडं बघतात. तोंडाकडं नंतर. धोतराकडं का बघतात? येतो तिथवर. दम धरा.

तवा आपलं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी कसलंबी काम निघालं की उस्मानाबादेला पळायचं. जिल्हा झाला तसे आम्ही पेढे वाटले, हलगी वाजवली. मला वाटलं, जिल्हा नवा म्हणजे पाऊसबी नवा मिळंल. कुठलं काय! हापिसाच्या पाट्यांचा रंग तेवढा ओला होता, बाकी सगळा जिल्हा कोरडा ठाक. चाकूरच्या पलीकडं आमचं गाव. विहिरीत वाकून बघावं तर तळातला खेकडा उलटा आमच्याकडं वर बघायचा, काय पाणीबिणी आणलंय का म्हणून.

माझा बालाजी आन त्याची बायको महानंदा, दोघंबी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला. महानंदाच्या हाताला असले घट्टे पडले होते की भाकर थापली तर भाकरीवर ओरखडे उठायचे. मला दिसत होतं ते. पण बोलून काय करू? मी गप भाकर खायचो. म्हणजे गप न्हाई, भाकर कडक झाली म्हणून कुरकुर करत खायचो. दात न्हाईत ना मला!

तर ही महानंदा एकदा माहेराला, रेणापूरला गेली आन तिकडून नवं खूळ शिकून आली. म्हणं, तिकडं बायकांना फळं वाळवायचं शिकवून राहिलेत. आली ती आली आन सुताराच्या मागं लागून तिनं एक पेटी बनवली. बाभळीच्या फळ्या, आतून काळा रंग, वर मोडक्या खिडकीची काच तिरपी बसवलेली. खाली भोकं, वर भोकं. खालून वारं शिरायचं, आत तापायचं आन ओल घेऊन वरून निघायचं. आत मोठ्या भोकांच्या दोन जाळ्या, एकीवर एक. झाली उन्हाची पेटी! रॉकेल न्हाई, लाईट न्हाई.

"सूनबाई, ऊन काय बाहेर कमी पडलंय का, आत कोंडून ठिवायला?" मी म्हटलं.

"मामा, बाहेर वाळवलं की निम्मं माशा खातेत आन निम्म्यावर धूळ बसती. हितं बगा, माशी फिरकत न्हाई."

"माशी शहाणी हाय. कशाला भाजून घेईल?"

ती बिचारी हसायची. तशी खरी गोष्ट ही की दुष्काळात आमच्या बांधावरच्या गावरान आंब्यांना फळ आलं होतं लिंबाएवढं, पण गोड असं की हात चिकटले तर सुटायचे न्हाईत. बाजारात ते कोण घेणार? महानंदा त्याचा रस थाळीत पसरायची, थाळी पेटीत ठेवायची, एक थर सुकला की दुसरा. अशी आंबापोळी व्हायची की… जाऊ द्या, मी तवा तोंडदेखलंबी चांगलं म्हटलं न्हाई.

आन त्याच दिसांत लातूरला बायकांच्या मालाचं प्रदर्शन निघालं. तिथल्या म्याडमला पोळी पसंत पडली तर गावातल्या बायकांना असल्या पेट्या मिळणार आन पोळी जिल्ह्याला जाणार. म्हणजे महानंदाची खडीतून सुटका. तिचा सगळा जीव त्या एका खेपेवर होता.

आता गंमत बघा. ती सकाळी उठली की आभाळाकडं बघून म्हणायची, "बरं झालं माय, आज कडक हाय." आन मी त्याच आभाळाकडं बघून शिव्या घालायचो. एका घरात दोन माणसं एकाच आभाळाला उलटंसुलटं मागून राहिलेली. देव तरी बेजारच होणार की!

मृग कोरडा गेला. आर्द्रा निम्मी गेली. तसं पारावर आमचं ठरलं, महादेव कोंडायचा. तुमच्याकडं करतात का न्हाई ठाऊक न्हाई, आमच्याकडं पाऊस रुसला की महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात. पिंड बुडाली की देव गुदमरतो, गुदमरला की पाऊस सोडतो. बापजाद्यांपासून चालत आलंय.

पण गाभारा भरायला पाणी कुठाय? मी म्हटलं, "टँकर येतो की! त्यातलं ओता."

अरे बाप रे! टँकरच्या रांगेतल्या बायकांनी हे ऐकलं मात्र, एकीनं अशी घागर उगारली की मला वाटलं, महादेव राहिला बाजूला, आधी मीच बुडतो.

बाजूला आमचा गफूर शिंपी बसला होता. लहानपणापासूनचा दोस्त, पण जिभेला हाड न्हाई. म्हणतो, "आबा, पानी न्हाई तर दुसरी काय तकलीफ द्या की तुमच्या देवाला. सावलीत बसून हाय तो. त्याला जरा ऊन दाखवा."

सगळे हसले. गफूर गमतीनं बोलला हो! पण माझं डोकं असं हाय की त्यात गंमत शिरली की तिचा हुकूम होतो.

ऊन दाखवा. ऊन कुठं हाय? सगळ्यात जबर ऊन कुठं कोंडलंय? आमच्याच अंगणात!

आमच्या बांधावर म्हसोबा हाय. नारळापेक्षा मोठा, घागरीपेक्षा लहान असा दगड. माझ्या पणज्यापासून दर अमावस्येला त्याला तेल-शेंदूर चढत आलेला, त्यामुळं दगड किती आन शेंदूर किती हे त्याचं त्यालाच ठाऊक. वर दोन पितळी डोळे चिकटवलेले. बसलाय कुठं? लिंबाच्या गार सावलीत! मी म्हटलं, बेट्या, म्हणून तुला कळत न्हाई.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची गोष्ट. महानंदानं सकाळीच पोळ्यांवर शेवटचा थर दिला, थाळ्या खालच्या जाळीवर सरकवल्या आन घागरी घेऊन टँकरला गेली. रांग मारुतीच्या शेपटाएवढी. मला रान मोकळं.

म्हसोबाला पटक्यात गुंडाळून आणला. पण शिक्षा द्यायची तरी देव हाय, रीत सोडून कसं चालंल? आधी पूजा केली. डब्यात होतं न्हाई तेवढं गोडतेल घेतलं, मूठभर शेंदूर कालवला आन त्याला चांगला थबथबून माखला. मग पाया पडलो. मग वरच्या जाळीवर ठेवला आन झाकण लावलं.

समोर सावलीला बसलो, बिडी पेटवली.

"का देवा? कसं वाटतंय?"

म्हसोबा गप.

"हेच आम्ही सोसून राहिलोत. तू लिंबाखाली बसून मजा बघत होतास. आता काढ ढग, तर काढतो बाहेर."

अशी आमची बोलणी चालली. मी आजवर कुठल्या साहेबाशी इतकं सडेतोड बोललो न्हाई. आन थोड्या वेळानं काय बघतो? म्हसोबाच्या कपाळावर थेंब! मग गालावर थेंब! मग सगळं अंगच ओलं!

"घाम फुटला!" मी उठून नाचलोच. देवाला घाम फुटला म्हणजे पाऊस आलाच म्हणून समजा!

तुम्ही विचारताल, आबा, तो घाम टपकून खाली कुठं चाललाय हे बघितलं न्हाई का? न्हाई बघितलं. देवाच्या तोंडाकडं बघणारा माणूस खाली कशाला बघंल? आन मला शहाणपण असतं तर मी तुमच्यापुढं हे सांगत बसलो असतो का?

महानंदा यायच्या आत देव काढला, पटक्यात गुंडाळला, हात भाजत भाजत बांधावर नेऊन ठेवला. हात भाजला तेबी मला बरंच वाटलं. म्हटलं, देव तापलाय, आता गडगडणार.

सांजच्याला गावात एकच हाकाटी. "म्हसोबानं खोळ टाकली! म्हसोबानं खोळ टाकली!" पळत गेलो. बघतो तर लोकं जमलेली, आन मधी आमचा म्हसोबा, काळा कुळकुळीत, डोक्यावर टक्कल, पणज्याच्या काळातला शेंदूर अर्धाअधिक उतरलेला. आन एक डोळा गायब!

खोळ टाकणं म्हणजे साधी गोष्ट हाय का? सापानं कात टाकल्यावाणी देव नवा होतो. लोकांनी नारळ फोडले. हलगी आली. आन मी काय केलं? मी खरं सांगितलं असतं तर तिथंच निस्तरलं असतं. पण सगळा गाव माझ्याकडं बघून राहिलेला, माझ्या बांधावरचा देव! माझी छाती अशी फुगली की बंडीची गुंडी तुटली.

"आबा, दुसरा डोळा कुठं गेला हो देवाचा?"

मी आभाळाकडं हात केला. "एक डोळा तुमच्यावर ठिवलाय. दुसरा घेऊन ढग बघायला गेलाय."

आन लोकांनी हात जोडले! मला! लाज वाटती आता सांगताना.

घरी आलो तर महानंदाबी आनंदात. कंदिलाच्या उजेडात थाळ्या पुढं करून म्हणती, "मामा, रंग बगा की! आजवर असा उतरला न्हाई. चकाकीबी कशी आलीय!"

केशरी भडक रंग. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "देवाची किरपा."

"तुम्ही पयल्यांदा माझ्या पेटीला चांगलं म्हणून राहिलाव," ती म्हणली, आन तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रदर्शनाचा माल म्हणून तिनं त्यातला तुकडाबी मोडला न्हाई. तेवढंच एक नशीब.

बालाजी कामावर, म्हणून तिच्या सोबतीला मी. एसटीनं लातूर गाठलं. मोठा मांडव, बायकांची ही गर्दी. कुणाची लोणची, कुणाच्या शेवया, कुणाच्या गोधड्या. महानंदानं एका मोठ्या थाळीत पोळ्या मांडल्या आन पदर नीट करून उभी राहिली. हात मात्र पदराखाली लपवलेले.

म्याडम आल्या. इस्त्रीची साडी, चष्मा, मागं चार माणसं. आमच्यापुढं थांबल्या.

"अगं बाई, काय सुंदर रंग आहे हा! काय घातलंत यात?"

"कायबी न्हाई म्याडम. आंब्याचाच हाय. उन्हाच्या पेटीतला."

म्याडमनं पोळी उचलली आन उजेडाला धरली. उन्हात पोळी अशी काचेवाणी उजळली. मीबी कौतुकानं बघितलं.

आन पोळीतून म्हसोबानं माझ्याकडं बघितलं.

अहो खरंच! त्या पोळीच्या थरात, मधोमध, पितळी डोळा! वटारलेला! सरळ माझ्याकडं!

एका क्षणात सगळा हिशेब लागला. घाम कसला, तेल-शेंदूर! चकाकी कसली, तेल! रंग कसला… अहो, शेंदूर पोटात गेला तर माणसाचा गळा बसतो, लहानपणापासून ऐकत आलोय. आन ही बाई जिल्ह्याची म्याडम, तुकडा मोडून तोंडाजवळ नेऊन राहिली!

"खाऊ नका!" मी असा ओरडलो की बाजूच्या बाईच्या हातातली लोणच्याची बरणी निसटली.

"का हो बाबा?"

आता खरं कसं सांगू? म्हटलं, "कच्ची हाय."

"छान सुकलीय की."

"माशी बसली होती."

महानंदा पांढरी पडली. "मामा, पेटीत माशी कशी बसंल?"

"आंबट हाय. खारट हाय. जुनी हाय. गेल्या सालची हाय!"

"मामा!" आता तिचा आवाज फाटला. "म्याडम, त्यांचं ऐकू नका. त्यांना ही पेटी पयल्यापासून आवडत न्हाई." आन माझ्याकडं वळून हळूच म्हणली, "मामा, आजच्या दिवस तरी नका करू हो असं."

काळजात काटा घुसला बघा. सून समजून राहिली की सासरा मुद्दाम तिचं वाटोळं करायला आलाय. मग मात्र राहवलं न्हाई.

"ह्या पोळीत म्हसोबा हाय!" मी बोंबललो.

मला वाटलं, आता लोकं मागं सरतील. पण लोकं पुढं आली! एक म्हातारी हात जोडून म्हणली, "म्हसोबाचा परसाद हाय व्हय? द्या की माय थोडा, माझ्या सुनेला मूल न्हाई."

"मलाबी!" "हिकडंबी द्या!" "अगं, कालच खोळ टाकली म्हणं त्यानं, चाकूरच्या बाया एसटीत सांगत होत्या!"

माझीच थाप माझ्या आधी लातूरला पोचलेली! सगळीकडून हात थाळीत. कुणाकुणाला अडवू? म्याडमच्या हातातला तुकडा हिसकला, थाळीत टाकला, थाळी ओढून जमिनीवर ठेवली, आन…

बसलो. थाळीवर. मांडी घालून.

थाळीकडं आलेले हात मागं झाले.

"बाबा, उठा," म्याडम म्हणल्या.

"उठत न्हाई."

"का?"

"उठलो तर ह्या बाया खातील. शेंदूर हाय त्यात. मीच म्हसोबाला पेटीत ठिवला होता."

महानंदा माझ्यासमोर खाली बसली. आवाज एकदम बारीक. "मामा, कशाला?"

"त्याला ऊन लागावं म्हणून. पाऊस पडावा म्हणून."

"आन कालचे नारळ?"

"तेबी त्या उतरल्या शेंदरापायीच फुटले म्हण."

आधी म्याडमच्या मागचा एक माणूस फुसकन हसला. मग लोणचंवाली. मग मांडव असा हसला की कनाती हलल्या. हसली न्हाई ती एकटी महानंदा. ती आपल्या हाताकडं बघत होती. ते घट्टे आता सगळ्यांना दिसून राहिले होते, लपवायचं तिला भान न्हाई. आन मी थाळीवर. जमिनीत तोंड घालावं म्हटलं तर खाली थाळी!

मग ती उठली. डोळे पुसले. आमच्या भाकरीच्या गठुड्यातून एक लहान पुरचुंडी काढली आन म्याडमपुढं धरली. साध्या, फिक्या रंगाच्या पोळ्या.

म्याडमनं आधी त्या उजेडाला धरून उलटसुलट बघितल्या. "ह्यात कुणी देव नाही ना?"

"न्हाई म्याडम. म्हसोबाच्या आधीच्या हायत. गेल्या आठवड्यातल्या."

"मग आधी याच का नाही ठेवल्यात?"

महानंदानं माझ्याकडं बघितलं न्हाई. "ह्या मामांच्या हायत. त्यांना दात न्हाईत, वाटंत भाकर चावत न्हाई. म्हणून मऊ थर बगून त्यांच्यासाठी बाजूला ठिवल्या होत्या."

आता सांगा. मारलं असतं तिनं तर बरं झालं असतं का न्हाई? चार लोकांत शिवी घातली असती तरी मी उजळ माथ्यानं उठलो असतो. जिच्या पेटीला मी खूळ म्हटलं, ती तिच्यातली पहिली मऊ पोळी माझ्या बोळक्यासाठी काढून ठेवत होती. आन मी तिच्यावर म्हसोबा तापवला.

म्याडमनं तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. मग दुसरा घेतला. मग मागच्या माणसांना दिला. पुरचुंडी तिथंच संपली. माझ्यासाठी काय राहिलं न्हाई, आन ते बरोबरच झालं.

"पेट्या देऊ गावाला," म्याडम म्हणल्या. "तुम्ही बायकांना शिकवा. पण एक अट आहे."

"काय म्याडम?"

"हे बाबा पेटीजवळ दिसता कामा नयेत."

"दिसणार न्हाईत," महानंदा म्हणली, आन मग मात्र हसली. तोंडाला पदर लावून, गदागदा.

मी उठलो. म्हणजे उठवलं. आंबापोळी ती, सुटते का? धोतराच्या मागच्या अंगाला ही केशरी भाकरी चिकटलेली. जमंल तेवढी उचकटली. डोळा तेवढा शोधून मुठीत धरला. एसटीत कंडक्टर म्हणतो, "बाबा, तुम्ही उभेच राहा. सीट रंगंल." लातूर ते चाकूर दांडीला धरून उभा, आन मागं बसलेली पोरं माझ्या बुडाकडं बघून खिदळत होती.

पाऊस विचारताव? न्हाई पडला. एक थेंब न्हाई.

गावात उतरलो तर हलगीवाले अजून बांधावर. गुपचूप म्हसोबापुढं जाऊन बसलो, मुठीतला डोळा डिंकानं जागेवर चिकटवला. तो वाकडाच बसला. अजून वाकडा हाय. अमावस्येला शेंदूर लावायला गेलो की म्हसोबा माझ्याकडं तिरपं बघतो. मीबी नजर देत न्हाई.

तेवढ्यात पाठीमागं गफूर. महानंदाकडून सगळं ऐकून आलेला. नुसता माझ्या धोतराकडं बघून राहिला.

"बोल की," मी म्हटलं. "तुझ्याच डोक्यातलं होतं ते."

"आबा, एक विचारू? खरं सांगा." गफूर माझ्या शेजारी टेकला. "तुम्ही लोकं म्हणता, दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव होतो. तुम्हाला तर आज मायंदाळ लागलाय. काय फरक पडला का?"

मी मागं हात लावून बघितला. अजून चिकटच होतं.

"न्हाई गा गफूर," म्हटलं, "दगड तो दगडच ऱ्हायला."